सूनबाईची पहिली जमीन

आमच्या घराण्यात आजवर कोणी इंजिनिअर झालं नाही. मी एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावल्या, चिरंजीव विमा कंपनीत फोन उचलतात, आणि माझा धाकटा भाऊ काय करतो हे तो सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सूनबाईने जेवताना जाहीर केलं, की आपल्या हॉलमध्ये आता इंजिनिअर्ड लाकडाची जमीन बसणार, तेव्हा माझा ऊर भरून आला. माणसांना जमलं नाही ते निदान जमिनीने करून दाखवलं.

"म्हणजे खोटं लाकूड का गं?" आमच्या हिने विचारलं.

"खोटं नाही हो आई. वर खरं ओक आहे, चार मिलिमीटर. खाली प्लायचे थर, एक उभा, एक आडवा. म्हणून ते हवा बदलली की फुगत नाही, वाकत नाही, कुरकुरत नाही."

"असं माणसांत मिळत नाही वाटतं," ही माझ्याकडे न बघता म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

सूनबाईचा उत्साह मात्र आमटीत मावणारा नव्हता. कारण ही जमीन नुसती जमीन नव्हती, परीक्षा होती.

दोन वर्षांपूर्वी आमची सून बँकेत काउंटरच्या काचेमागे बसायची. एकदा बँकेतल्याच मॅनेजरच्या खोलीत लाकडी जमीन बसवायला एक कारागीर आला. बुटका, अबोल, पण हात मात्र सहा फुटी माणसाचे. सूनबाई काउंटर सोडून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. काउंटरपुढे रांग लागली, रांगेतून ओरडा झाला, मॅनेजर बाहेर आले, तरी सूनबाई फळीत फळी अडकताना बघत होती. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला आणि त्या कारागिराची पिशवी खांद्यावर घेतली. त्याला सगळे वस्ताद म्हणतात. नातेवाइकांनी विचारलं, सून काय करते हल्ली, तर मी खरं ते सांगायचो: दिवसभर गुडघ्यांवर असते. नातेवाइकांना ते सुनेचं लक्षण वाटायचं आणि ते समाधानाने फोन ठेवायचे.

वस्तादांचा एक नियम आहे. शिष्याने पहिली अख्खी जमीन स्वतःच्या घरात बसवायची. घरच्यांनी उचल-ठेव केली तर चालेल, पण फळीला फळी लावणारा हात एकच. मग वस्ताद येऊन बघणार. पास झालं तर पुढच्या कामाची सूत्रं शिष्याच्या हातात. नापास झालं तर आणखी एक वर्ष पिशवी. या खेपेला पुढचं काम होतं वाचनालयाच्या अभ्यासिकेचं, आणि ते पुढच्या आठवड्यात सोमवारी सुरू व्हायचं होतं. वस्ताद आमच्याकडे त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी पाचला येणार होते.

"आजवर किती जण पास झालेत?" मी विचारलं.

"नऊ जणांपैकी तीन."

"आणि नापासांचं काय झालं?"

"वस्तादांचा सख्खा मुलगाच नापास झालाय बाबा. तो आता पडदे विकतो."

यानंतर घरात जो उत्साह संचारला, तसा आमच्या लग्नातही नव्हता. सोमवारी हॉल रिकामा झाला. सोफा झोपायच्या खोलीत गेला, टीव्ही स्वयंपाकघरात फ्रिजवर बसला, आणि पुस्तकांचं कपाट दाराबाहेर जिन्याजवळ उभं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकू जाता-येता त्यातून पुस्तकं नेऊ लागल्या. ही म्हणाली, "नेऊ देत. परत लावायला तेवढी कमी."

मग तपासणी. सूनबाईने जुन्या फरशीवर एकेक लादी नाण्याने वाजवून पाहिली. ज्या दोन पोकळ वाजल्या त्या उखडून पक्क्या बसवल्या. मग दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी घेऊन ती हॉलभर फिरली. पट्टी आडवी ठेवायची, खालून फट दिसते का बघायची. खिडकीपाशी फट दिसली. फट किती, हे बघायला चिरंजीवांनी करंगळीचं नख घातलं, ते आत गेलं.

"तीन मिलिमीटरपेक्षा जास्त!" सूनबाई असं ओरडली की जणू तिथे हंडा सापडला. "हे राहिलं असतं तर वर्षाने इथली फळी चालताना दबली असती."

"बावीस वर्षं मी त्या खड्ड्यावरून चालतोय," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्ही खिडकीपाशी नेहमी डावीकडे झुकता," ही म्हणाली.

खड्ड्यात लेव्हलिंगचा मसाला ओतला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट खालून करवतीने फळीच्या जाडीएवढी कापली, म्हणजे फळी तिच्याखाली सरकेल. दार काढून, उलटं करून, खालून रंधा मारला. ही त्या भुश्शाकडे बघत म्हणाली, "आपलं दार बारीक झालं हो. आपणच राहिलो."

बुधवारी सकाळी बारा खोकी आली. प्रत्येकात सहा फळ्या, प्रत्येक फळी सहा फूट लांब, सात इंच रुंद. खोकी हॉलच्या मधोमध आडवी ठेवून सूनबाईने त्यांची टोकं उघडली.

"आता तीन दिवस यांना इथेच राहू द्यायचं. घराची हवा लागली पाहिजे. एकदम बसवली तर नंतर हलतात."

आमच्या हिने ते फार मनावर घेतलं. तीन दिवस ती हॉलमध्ये हळू बोलत होती. खिडकी उघडायची का, पंखा चालेल का, फोडणी केली तर वास लागेल का, असं ती सुनेला फोन करकरून विचारायची. माझ्या भावाच्या मुक्कामाला तिने यातलं काहीही विचारलं नव्हतं. मला काम मिळालं ओलावा मोजायचं. टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र, ते फरशीला आणि लाकडाला टेकवायचं आणि आकडा लिहायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी वही आखली. मी दुपारचाही आकडा लिहायला लागलो.

आणि इथेच माझा घात झाला. आकडा घेण्यासाठी मी गुरुवारी दुपारी एका खोक्याच्या टोकाशी वाकलो, तर आत काय? मधाच्या रंगाची एक फळी, तिच्याच शेजारी काळ्या चहासारखी एक, आणि दोघींच्या मध्ये शेंगेच्या टरफलाच्या रंगाची तिसरी. दुसऱ्या खोक्यात तोच गोंधळ, तिसऱ्यातही तोच. असल्या कारभारावर मी एकतीस वर्षं मेमो काढत आलो होतो.

ही बहिणीकडे गेली होती, सून कामावर, चिरंजीव फोनवर. गुरुवारची दुपार आणि शुक्रवारची दुपार, दोन दुपारी मी एकट्याने बहात्तर फळ्या बाहेर काढल्या, रंगाने लावल्या आणि परत भरल्या. सगळ्यांत फिकट सहा पहिल्या खोक्यात, त्याहून जराशा गडद सहा दुसऱ्यात, असं करत सगळ्यांत काळ्या सहा बाराव्यात. खोक्यांवर पेन्सिलीने एक ते बारा आकडे घातले. कंबर मोडली, पण निवृत्तीनंतर इतकं सुख मला कशातच मिळालं नव्हतं. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, शनिवारी तिच्याच लक्षात येऊ दे आणि तिला आनंद होऊ दे.

शनिवारी सकाळी सातला काम सुरू झालं. आभाळ भरलेलं होतं, राखाडी, पण घरात नुसती जत्रा. फरशीवर फोमची गुंडाळी उलगडली, तुकड्याला तुकडा चिकटवला. सूनबाईने गुडघ्यांना पॅड बांधले, कानावर पेन्सिल खोचली.

"बाबा, खोक्यांवर हे आकडे तुम्ही घातलेत?"

"हो. क्रमाने घे," मी म्हणालो, आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

"आकड्यांशिवाय तुम्हाला करमत नाही," ती हसली आणि एक, दोन, तीन अशी तीन खोकी पुढे ओढली.

फळ्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, उजेडाच्या दिशेने लावायच्या होत्या. डाव्या भिंतीपासून सुरुवात, उजव्या भिंतीला शेवट, एकूण एकवीस रांगा. भिंतीला लागून मात्र लावायच्या नाहीत. पाचरी ठोकून एका बोटाचं अंतर राखायचं.

"एवढी फट?" ही म्हणाली.

"वरून भिंतीलगत स्कर्टिंगची पट्टी येते आई. झाकते सगळं. लाकडाला थोडी मोकळी जागा लागते. भिंतीला घट्ट बसवलं की उन्हाळ्यात मधूनच वर उठतं."

"ऐकलंत?" हिने मला विचारलं. मी ऐकलं होतं.

पहिली रांग बसायला पाऊण तास लागला, कारण पहिली वाकडी तर सगळ्या वाकड्या. दोरी लावून, एक डोळा मिटून, परत दोरी लावून सूनबाईने ती सरळ केली. त्यानंतर मात्र वेग आला. फळी तिरकी धरायची, तिच्या कडेची जीभ आधीच्या फळीच्या खाचेत घालायची, खाली दाबायची, टक्! ठोकळा लावून रबरी हातोड्याचा एक हलका फटका, टक्! शेजारच्या दोन रांगांचे सांधे एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत, म्हणून सुरुवातीचा तुकडा दर वेळी वेगळ्या मापाने कापायचा. चिरंजीव फळ्या आणून देत होते, मी कापलेले तुकडे गोळा करत होतो, ही दर पंधरा मिनिटांनी दारातून "किती झाल्या?" विचारत होती. तीन. चार. सहा! प्रत्येक टक् बरोबर माझ्याच छातीत काहीतरी जागेवर बसत होतं.

सहा रांगांनंतर पहिली तीन खोकी संपली. सातवी रांग चौथ्या, पाचव्या, सहाव्या खोक्यातून सुरू झाली, आणि मला दिसलं की रंग बदलला. माझी वर्गवारी जमिनीवर उतरत होती! मी अभिमानाने चिरंजीवांना काही सांगणार, तेवढ्यात त्यांनी बायकोला विचारलं, "तू एकदम तीन खोकी का उघडतेस गं? एक संपवून दुसरं घे ना."

"अरे, हाच तर पहिला धडा. लाकूड आहे, प्रत्येक फळीचा रंग वेगळा. तीन खोक्यांतून आळीपाळीने घेतलं की रंग मिसळतात. नाहीतर जमीन ठिगळं लावल्यासारखी दिसते. कारखान्यातूनही मुद्दाम मिसळूनच भरतात, पण तरी आपण मिसळायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. परत आलो. परत गेलो आणि पाणी प्यालो.

"काय होतंय?" हिने विचारलं.

"तहान."

सांगायला हवं होतं. तेव्हा सातच रांगा उचलाव्या लागल्या असत्या. पण आठवी बसली, मग नववी. सूनबाईचं नाक जमिनीपासून एका फुटावर, नजर सांध्यावर. चिरंजीवांची नजर सूनबाईवर. दोघांनाही रंग दिसत नव्हता. मी स्वतःला समजावलं, की दिसलं नाही तर ते नाहीच. कचेरीत या तत्त्वावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या होत्या. दहावी बसली. अकरावी. बारावी बसली तेव्हा साडेबारा वाजले होते.

ही चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थबकली.

"अगं बाई, ऊन पडलं वाटतं!"

"कुठं?" सूनबाई मान वर न करता म्हणाली.

"हे काय, डावीकडे. अर्ध्या जमिनीवर पडलंय."

तिघांनीही खिडकीकडे पाहिलं. आभाळ तसंच, राखेसारखं. सूनबाई सकाळपासून पहिल्यांदाच उठून उभी राहिली, दारापर्यंत आली, सासूच्या शेजारी उभी राहून तिने मागे वळून पाहिलं. सहा रांगा मध, सहा रांगा टरफल. मध्ये फूटपट्टीने आखावी तशी रेघ.

हिने ट्रे दारातच खाली ठेवला.

"बॅच वेगळी पाठवली," सूनबाई हळू म्हणाली. मग एकदम आवाज चढला. "दोन वेगळ्या बॅच पाठवल्या त्यांनी! थांब, त्या दुकानदाराला आत्ता झाडते!" तिने फोन काढला, नंबर लावला. रिंग वाजायला लागली, ती मलाही ऐकू येत होती.

वाचकहो, त्या तीन रिंगांत माझी सुटका होती. दुकानदार दूरचा माणूस, शिव्या खायची त्याला सवय. चौथ्या रिंगला मी म्हणालो, "ठेव तो फोन. दुकानदार निर्दोष आहे."

"म्हणजे?"

"फळ्या मी लावल्या. रंगाने. फिकटपासून गडदपर्यंत. तुला मदत व्हावी म्हणून."

"सगळ्या?"

"बहात्तर."

"बहात्तर!" हे सूनबाई नाही, आमची ही म्हणाली. "अहो, कपाटातली चार ताटं काढा म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात! आणि बहात्तर फळ्या?"

"दोन दुपारी लागल्या," मी म्हणालो. हे बोलायची गरज नव्हती.

"बाबा," सूनबाईने विचारलं, "सात ते बारा खोक्यांत काय आहे?"

"आणखी गडद."

"बाराव्यात?"

"तू म्हणशील कोळसा. पण तितकं नाही."

सूनबाई रिकाम्या खोक्यावर बसली. तिने पेन्सिल कानावरून काढली, बघितली, परत खोचली. चिरंजीव घाईघाईने म्हणाले, "हे बघ, हल्ली असंच करतात म्हणून सांगू. डिझाइन आहे म्हणू. कोपऱ्यात एक मोठा गालिचा टाकू."

"मला एक सांग," ही म्हणाली, "वस्ताद यायच्या आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला तर?"

"आई, दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी रंग मिसळत होते. माझ्या घरात ठिगळ?" ती उठली. "उचलायच्या."

"किती?" चिरंजीवांनी विचारलं.

"बाराही."

"पाचला वस्ताद येणार गं!"

"म्हणून तर आत्ता उचलायच्या! खिळा नाही, गोंद नाही, जशी बसली तशी निघते. शेवटून सुरुवात. अख्खी रांग एकदम तिरकी करायची, जीभ खाचेतून आपोआप सुटते. ओढायचं नाही, हिसका द्यायचा नाही. कड मोडली तर फळी गेली. चल, तिकडचं टोक धर!"

माझी समजूत होती, की आता घरात सुतक येणार. झालं उलटंच. बारावी रांग जेव्हा अलगद तिरकी होऊन सुटली, तेव्हा चिरंजीव आनंदाने ओरडले. अकरावी सुटली तेव्हा ही ओरडली. बसवताना टक् होत होतं, सुटताना क्लिप उघडावी तसा आवाज यायचा, आणि दर आवाजाला सगळे मिळून आकडा मोजायला लागले. दहा! नऊ! आठ! पाचवीला एका फळीची कड मोडली. सूनबाईने ओठ चावला, ती फळी बाजूला उभी केली आणि म्हणाली, "पुढे." मी कापलेल्या तुकड्यांच्या पाठीवर रांगेचा नंबर लिहून त्यांच्या जोड्या वेगळ्या ठेवल्या. तेवढीच परवानगी मला होती.

पावणेदोनला जमीन परत उघडी झाली. आता अख्ख्या फळ्या मिसळायच्या.

पहिल्यांदा हे काम मला दिलं, गुन्हेगाराने भरपाई करावी म्हणून. मी दहा फळ्या मांडल्या.

"बाबा, हा बुद्धिबळाचा पट आहे."

मी पाहिलं. एक फिकट, एक गडद, एक फिकट, एक गडद. मी पुन्हा मांडल्या. दोन फिकट, एक गडद, दोन फिकट, एक गडद. एकतीस वर्षांत गोंधळ घालण्याचं कौशल्य माझ्यात आलंच नव्हतं, ते माझ्या साहेबांकडे होतं. मला बाजूला केलं. हिला बसवलं, तर ही भाजी निवडावी तशी निवडायला लागली. चांगल्या चांगल्या आधी, डाग असलेल्या "त्या कोपऱ्यात जाऊ देत, सोफ्याखाली". चिरंजीवांनी मोबाइलमध्ये चिठ्ठी काढल्यासारखे आकडे काढणारं काहीतरी शोधलं, मग प्रत्येक फळीला नंबर द्यावा लागेल म्हणाले, आणि माझे डोळे चमकलेले बघून सूनबाईने तोही मार्ग बंद केला.

"एक मिनिट," ती म्हणाली. तिने एक फळी पालथी केली. मग दुसरी. पाठीमागून सगळ्या फळ्या सारख्या, पिवळट प्लाय. "सगळ्या पालथ्या करा! आणि आता सरकवा, इकडच्या तिकडे, कोणी काही बघायचं नाही!"

मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून पालथ्या फळ्या फोमवर सरकवत राहिलो, धडाधड, एकमेकांच्या अंगावर, ही तर हसून हसून एका फळीवरच बसली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली. सूनबाईने तोवर पहिली रांग लावलीसुद्धा.

आता ती बघत नव्हती, विचारत नव्हती, फक्त हात मागे करायची. चिरंजीव त्यात जी फळी येईल ती द्यायचे. टक्! टक्! मध, चहा, मध, टरफल, टरफल, चहा. माझे हात वर्गवारीसाठी शिवशिवत होते, आणि जमीन सुंदर दिसत होती. तीन वाजता सहा रांगा. मापं आधीच कापलेली, त्यामुळे करवतीला विश्रांती. पावणेचारला दहा. हिने पावाचे तुकडे करून सुनेच्या तोंडात घातले, कारण सुनेचे हात मोकळे नव्हते. सव्वाचारला तेरा.

साडेचारला दारावर टकटक झाली.

"पाच म्हणाले होते ना?" मी कुजबुजलो.

"त्यांचे पाच साडेचारलाच वाजतात," सूनबाई म्हणाली. चौदावी रांग अर्धी झाली होती. ती उठली नाही.

वस्ताद आत आले. त्यांनी हॉल पाहिला: दोन तृतीयांश जमीन, उरलेल्या फोमवर पालथ्या फळ्यांचा ढीग, फाटकी खोकी, आणि भिंतीला टेकून उभी एक मोडक्या कडेची फळी. ते त्या फळीपाशी गेले, कडेवरून अंगठा फिरवला. मग एका खोक्यावर बसले.

"चहा घेणार?" हिने विचारलं.

"नंतर."

ते दीड तास तिच्या हातांकडे बघत राहिले. असा माणूस खोलीत बसला असताना हातोडा मारून बघा! पण सूनबाईचा हात एकदाही चुकला नाही. सतरा. एकोणीस. वीस. एकविसावी रांग पूर्ण रुंदीची बसत नव्हती, तिच्या फळ्या उभ्या चिरून चार इंचांच्या कराव्या लागल्या. भिंतीपाशी हातोडा फिरवायला जागा नाही, म्हणून वाकड्या लोखंडी पट्टीने त्या आतल्या बाजूला ओढायच्या. शेवटची फळी एकदा अडली, दोनदा अडली. तिसऱ्यांदा टक्!

वस्ताद उठले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी, टाच घासत, संपूर्ण हॉल चालले, जाताना एकेक रांग सोडून, येताना राहिलेल्या रांगांवरून. मग लेव्हल बघायची पाणसळ ठेवली, चार ठिकाणी. मग खिशातून कागदाचा एक चिटोरा काढला आणि सांध्यासांध्यात घालून बघायला लागले. चिटोरा कुठेच शिरला नाही. पाचरी काढून त्यांनी भिंतीच्या फटीत बोट घातलं. मला परत तहान लागली.

"उचलल्या होत्या," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो. बारा रांगा."

"का?"

मी पुढे झालो. "चूक माझी. मी फळ्या रंगाने लावून..."

"मी तुम्हाला नाही विचारलं काका."

"रंग मिसळले नव्हते," सूनबाई म्हणाली. "खोक्यांवर आकडे दिसत होते, बाबा म्हणाले क्रमाने घे, मी घेतल्या. लावायच्या आधी दहा फळ्या मांडून, उभं राहून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

"बारा रांगा उचलताना मोडल्या किती?"

"ती एक."

"एकच?" वस्तादांनी परत त्या फळीकडे पाहिलं. "माझ्या दोन गेल्या असत्या."

ते खाली बसून मोजे घालायला लागले. एक मोजा घालून झाला.

"पण एक सांगतो पोरी. रंग मी तपासतच नाही. लेव्हल, सांधा, फट. बस. रंग गिऱ्हाईक बघतं. उचलली नसतीस तरी चाललं असतं."

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. आमच्या हिने तर वस्तादांकडे असं पाहिलं की चहाची आशा त्यांनी सोडावी. सूनबाई मात्र घामाने भिजलेली, केसांत भुस्सा, हॉलच्या मधोमध उभी होती आणि पायाखाली बघत होती.

"मग बरं झालं वस्ताद, तुम्ही दुपारी नाही आलात," ती म्हणाली. "पास केलं असतंत, आणि मला जन्मभर ती रेघ बघत बसावं लागलं असतं."

वस्ताद हसले. दोन वर्षांत तिने ते पहिल्यांदाच पाहिलं, असं तिने नंतर सांगितलं. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, कदाचित म्हणून हसत नसतील.

"सोमवारी आठ वाजता. वाचनालयाचं मागचं दार. तीस खोकी आलीत, तू उघडायची, तू लावायची, मी पिशवी धरतो." दुसरा मोजा चढवून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे गृहस्थ रस्त्याच्या पलीकडेच थांबतील."

"मंजूर!" सूनबाई किंचाळली.

"चहा टाका आता," वस्ताद हिला म्हणाले.

पण चहा टाकणार कोण? सूनबाईने गुडघ्यांचे पॅड ओढून फेकले आणि बूट काढले. सकाळपासून कोणाला जोरात पाऊल टाकू न देणारी ही बाई खिडकीपाशी गेली, मोज्यांवर उभी राहिली, चार पावलं धावली आणि दोन्ही हात पसरून घसरत निघाली, खिडकीपासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, अठरा फूट, रांगांच्या अख्ख्या लांबीवरून. चिरंजीवांनी तिला पकडायला हात पुढे केले आणि दोघंही चौकटीवर आदळून खाली बसले.

"आता मी," आमची ही म्हणाली, आणि चष्मा माझ्या हातात देऊन खिडकीकडे चालू लागली.